पंगतीबाहेरचा शेजारी

रथसप्तमीला मालेगाव तालुक्यातल्या डव्हा इथे नाथनंगे महाराजांची यात्रा भरते. महाप्रसादाच्या पंगतीत तुमचं गाव, जात किंवा रेशनकार्डाचा रंग कोणी विचारत नाही. मांडी घालून बसलात की पानात पडतं. जिल्ह्याच्या सीमेपलीकडे, मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमात विवेकानंद जयंतीला पुरी आणि वांग्याची भाजी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून वाढतात आणि एवढा अफाट जमाव शिस्तीत जेवून उठतो. आषाढीआधी शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी मेडशी, शिरपूर, रिसोड या बाजूने पंढरपूरकडे जाते. तेव्हा वाटेवरची गावं शेकडो वारकऱ्यांचं जेवण आणि मुक्काम अंगावर घेतात. शिधा घरोघरून येतो, आचारी गावातलेच असतात, वाढायला पोरं धावतात आणि शेवटी मंदिरात सगळ्यांसमोर हिशेब वाचला जातो.

वाशीम जिल्ह्यातल्या माणसाला अन्नदान शिकवावं लागत नाही, हे मी अभिमानाने लिहितो. हजारोंचा स्वयंपाक कसा उभा करायचा, धान्य कसं गोळा करायचं, कोणाला कुठे उभं करायचं, हे ज्ञान इथल्या गावागावांत आहे. तरीही एक माणूस या पंगतीत दिसत नाही. कर्ता माणूस अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात महिनाभर पडून आहे, घरी म्हातारी आणि दोन पोरं आहेत, किराणा दुकानदाराने उधारी थांबवली आहे. यात्रा चार महिन्यांपूर्वी होऊन गेली. पुढची पंगत कधी, ते ठाऊक नाही. आणि असती तरी रोज ताट घेऊन देवळात जाणं त्या घराला जमणार नाही. दोन एकर का होईना, त्यांच्या नावावर जमीन आहे. मागून खाणारे आपण नव्हे, असं त्यांना वाटतं.

अशा घरासाठी आपल्याकडे एक फार जुनी रीत आहे आणि तिच्याकडे कोणी संस्था म्हणून पाहत नाही. ज्या घरी मृत्यू झाला, तिथे चूल पेटत नाही. शेजारची बाई पिठलं-भाकरी घेऊन जाते. तिला कोणी बोलावलेलं नसतं, जेवणारा हात जोडत नाही आणि कोणी कोणाचे आभार मानत नाही. संकटातल्या शेजाऱ्याला धर्माने कसं जेवू घालावं, याचा इतका नेमका नमुना मला दुसरीकडे दिसत नाही. अडचण एवढीच की ही रीत दहा-तेरा दिवसांत संपते. शिवाय तेराव्या दिवशी तेच घर कर्ज काढून गावाला तेरवीचं जेवण घालतं. घरातला कमावता गेलेला असताना त्या घराकडूनच जेवण वसूल करणारी ही प्रथा मला मान्य नाही आणि ती बंद झाली पाहिजे.

घरापर्यंत जाऊन देण्याचा विचार या जिल्ह्यातल्या बहुतेक धर्मपरंपरांत सापडतो. कारंजा लाड हे नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान. गुरुचरित्राच्या अडतिसाव्या अध्यायात भास्कर नावाचा एक गरीब ब्राह्मण तिघांपुरताच शिधा घेऊन येतो आणि गुरूंच्या कृपेने तेवढ्यात चार हजार माणसं जेवतात, अशी कथा आहे. दत्तभक्तांच्या अन्नदानाला या कथेचा मोठा आधार आहे. त्याच कारंज्यात जैनांची प्राचीन मंदिरं आणि हस्तलिखितांची भांडारं आहेत, आणि १९१८ साली सुरू झालेलं महावीर ब्रह्मचर्याश्रम हे गुरुकुल आहे. जैन परंपरा दानाचे चार प्रकार मानते: आहार, औषध, शास्त्र आणि अभय. गरिबाच्या मुलाला राहायला जागा, जेवण आणि शिक्षण एकत्र द्यायचं, ही गुरुकुलाची कल्पना त्यातूनच येते. मंगरुळपीरच्या नावातच पीर आहे. रमजान ईदच्या नमाजाआधी घरातल्या माणशी साधारण पावणेदोन किलो गव्हाचा किंवा त्याच्या किमतीचा फितरा गरिबाच्या घरी पोचला पाहिजे, म्हणजे ईदच्या दिवशी कोणाच्या घरी चूल थंड राहणार नाही. वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीवर अडीच टक्के जकात, ती वेगळीच. कुराणाच्या दुसऱ्या अध्यायात खास उल्लेख आहे तो हात न पसरणाऱ्या गरजूंचा, ज्यांचा संयम पाहून अजाण माणसाला ते सुखवस्तू वाटतात. म्हातारी आणि दोन पोरं असलेलं आपलं घर नेमकं तेच.

आणि मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी. सेवालाल महाराजांच्या समाधीमुळे देशभरचे बंजारे रामनवमीला इथे येतात. या समाजाचा भुकेशी असलेला संबंध वेगळ्याच अंगाने पाहण्यासारखा आहे. रेल्वे येण्याआधी दख्खनमध्ये धान्य आणि मीठ एका मुलखातून दुसऱ्या मुलखात नेलं ते बंजाऱ्यांच्या बैलांनी. सतराव्या शतकात हिंदुस्थानात फिरलेल्या ताव्हर्निये या फ्रेंच व्यापाऱ्याने दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचं वर्णन करून ठेवलं आहे. एका मुलखात पीक बुडालं आणि दुसऱ्यात पिकलं, तर मधलं अंतर तोडणारा हाच समाज होता. धान्य कुठेतरी असतंच. ते उपाशी माणसाच्या दारापर्यंत नेणारं कोणी असावं लागतं.

असं नेणारं कोणी नसलं की काय होतं, हे या जिल्ह्याने भोगलं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेला होता आणि वाशीम, म्हणजे इंग्रजी दप्तरातलं बासिम, हा स्वतंत्र जिल्हा होता. १८९६-९७ चा दुष्काळ सरतो न सरतो तोच १८९९ चा पाऊस दगा देऊन गेला. वाशीमला रेल्वे नव्हती. सर्वांत जवळचं स्टेशन अकोला, ५२ मैलांवर. आगगाड्यांनी बंजाऱ्यांचा मालवाहतुकीचा धंदा मोडला होता आणि त्या गाड्या या गावापर्यंत आल्याच नव्हत्या. १९०१ च्या जनगणनेत बासिम जिल्ह्याची लोकसंख्या ३,५३,४१० भरली. दहा वर्षांत ११ टक्के घट, आणि तिचं कारण म्हणून नोंद आहे दुष्काळाची. १९०५ साली तो जिल्हाच मोडून अकोला आणि यवतमाळमध्ये वाटला गेला. वाशीम पुन्हा जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ ला.

त्या दुष्काळात सरकारी मदतीचा मुख्य मार्ग म्हणजे दुष्काळी काम: खडी फोडा, माती वाहा, मजुरी घ्या. ज्याच्या अंगात बळ नाही त्याला फुकट मदत होती, पण ती घ्यायला पुढे यावं लागे. १८९७ मध्ये आणि पुन्हा १९०० मध्ये ‘इंडियन फॅमिन चॅरिटेबल रिलीफ फंड’ या नावाने देशविदेशातून वर्गणी जमली. सरकार जगवण्यापुरतं देतं, तर या पैशाने काय करायचं, याचे चार उद्देश तेव्हा ठरवले गेले. आजारी, म्हातारे आणि मुलं यांना सरकारी शिध्यावर थोडं जास्तीचं अन्न व कपडे द्यायचे. अनाथांचा सांभाळ करायचा. तिसरा उद्देश असा की जे गरीब पण अब्रूदार लोक कितीही हाल झाले तरी सरकारी मदत मागायला येणार नाहीत, त्यांच्यापर्यंत पोचायचं. आणि चौथा, ज्यांचं सगळं गेलं त्यांना दुष्काळ ओसरताना बैल, बियाणं, हत्यारं देऊन पुन्हा उभं करायचं. १९०० च्या निधीतला मोठा वाटा या चौथ्या कामावर गेला. परक्या राज्यात, त्याच राज्याच्या कारभाराने भूक वाढवलेल्या काळात ही यादी तयार झाली, हे विसरता येत नाही. तरी एखादं देवस्थान आज संकटग्रस्तांसाठी काही करू पाहत असेल, तर मी त्याच्यापुढे आधी हीच यादी ठेवीन.

दुष्काळातल्या धर्मदायाची एक काळी बाजूही आहे. उपाशी माणसाला जेवण देताना त्याच्या श्रद्धेची किंमत मागितली जाते, हा संशय त्या काळात वारंवार घेतला गेला. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतातून दुष्काळग्रस्त मुली-बायकांना केडगावला आणणाऱ्या पंडिता रमाबाईंवरही तो घेतला गेला. रमाबाईंनी त्या मुलींचे प्राण वाचवले, त्यांना अक्षर आणि हुन्नर दिला, आणि याबद्दल माझ्या मनात फक्त आदर आहे. पण देणाऱ्याने अट घातली नसली तरी घेणाऱ्याला ती भासू शकते. शिधा देताना प्रवचन जोडू नये, पोथी देऊ नये, देवळात हजेरी मागू नये. हा नियम प्रत्येक धर्माच्या संस्थेने पाळावा, बहुसंख्याकांच्या संस्थांनी तर अधिक कसोशीने.

हा नियम पाळून काम करणारा माणूस वऱ्हाडातच झाला. डेबूजी झिंगराजी जाणोरकर, म्हणजे गाडगेबाबा, यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचा. बालपण गेलं ते मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला, मामाकडे; कारंज्याहून हा भाग फार दूर नाही. सावकाराने मामाची जमीन कशी गिळली, हे त्यांनी घरातच पाहिलं. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण आणि दारू न देता त्यांनी गोड जेवण घातलं, तेव्हा जातभाई रागावले. १९०५ साली घर सोडल्यावर त्यांनी पूर्णेकाठच्या ऋणमोचनच्या यात्रेत आंधळ्या-पांगळ्यांना आणि महारोग्यांना जेवू घालायला सुरुवात केली. देव पाहायला आलेल्या गर्दीच्या कडेला जी माणसं बसलेली असतात, त्यांच्यासाठी ही पंगत होती.

बाबांचं काम अन्नावर थांबलं नाही, आणि मला त्यांचं थोरपण तिथे दिसतं. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, गरीब मुलांना शिक्षण, बेघराला आसरा, रोग्याला औषध, बेकाराला काम, मुक्या जनावरांना अभय, गरीब तरुणतरुणींची लग्नं आणि खचलेल्याला धीर, अशी दहा कामं त्यांनी सांगितली आणि त्यांनाच रोकडा धर्म म्हटलं. यात पूजा, व्रत, यात्रा यांतलं एकही नाही. पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा उभी राहिली, कारण इतर धर्मशाळांची दारं ज्यांना बंद होती त्यांनाही छप्पर हवं होतं. १९४९ साली ती त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. १९५२ मध्ये सगळ्या कामांसाठी गाडगे महाराज मिशन स्थापन झालं. मिशनच्या दादरच्या धर्मशाळेत टाटा रुग्णालयात उपचार घेणारे कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक राहतात. मुंबईत महिना-दोन महिने काढायचे, तर वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला औषधाइतकीच चिंता असते ती राहण्याची आणि जेवण्याची. बाबांनी रुग्णाबरोबर आलेला माणूस पाहिला होता.

आता आजच्या वाशीमकडे येऊ. २०११ ला जिल्ह्याची लोकसंख्या ११,९७,१६० होती. सोयाबीन आणि तूर ही मुख्य पिकं, आणि शेती बहुतेक पावसावर. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ साली पंतप्रधानांनी जाहीर केलेल्या ३,७५० कोटींच्या पॅकेजमधल्या सहा जिल्ह्यांपैकी वाशीम एक. शेतकऱ्याने आत्महत्या केली तर शासन कुटुंबाला एक लाख रुपये देतं: २००६ च्या निर्णयानुसार ३० हजार रोख आणि ७० हजार ठेव म्हणून. मात्र त्यासाठी प्रकरण जिल्हा समितीपुढे ‘पात्र’ ठरावं लागतं. जमीन कोणाच्या नावावर होती, कर्ज बँकेचं की परवानाधारक सावकाराचं, ते थकलं होतं का, हे तपासलं जातं. बटईने कसणारा, नात्यातल्या माणसाकडून उसने घेतलेला, सासऱ्याच्या सातबाऱ्यावर राबणारा माणूस गेला की बहुधा शेरा पडतो तो ‘अपात्र’. सरकारला कागद लागतो, हे मी समजू शकतो. पण त्या घरातल्या बाईची भूक अपात्र होत नाही. धर्मदाय संस्थेची खरी जागा इथे आहे, कारण तिच्यावर कागदाचं असं बंधन नाही.

रेशनचंही तसंच. अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा पाच किलो धान्य मिळतं. दिवसाला साधारण १६५ ग्रॅम. शेतात राबणाऱ्या माणसाला याच्या दुपटीहून जास्त लागतं. आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांतल्या केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना स्वस्त धान्य मिळत असे. जानेवारी २०२३ पासून त्याऐवजी माणशी दीडशे रुपये खात्यात जमा होऊ लागले. बरे दिवस असतील तर पैसे चालतात. संकटातल्या घरात ते भाडं, गोळ्या, हप्ता यांत विरून जातात आणि डबा रिकामाच राहतो. पाच माणसांच्या घराचा माझा ढोबळ हिशेब असा: रेशनचे २५ किलो धरले तरी महिन्याला आणखी १५-२० किलो धान्य, चार किलो डाळ, दोन-तीन किलो तेल, साखर, चहापत्ती, मीठ, तिखट, हळद. त्याखेरीज अंगाचा आणि कपड्याचा साबण आणि बायकांसाठी पॅड. शेवटच्या वस्तू दानाच्या यादीत कधीच नसतात, म्हणून त्या मुद्दाम लिहिल्या.

पण घर शोधायचं कसं? पॅरिसमध्ये १८३३ साली फ्रेदेरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांसह सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी सुरू केली. गरिबाला चर्चमध्ये बोलवायचं नाही, आपण त्याच्या घरी जायचं, ही तिची पहिली रीत. भारतातल्या अनेक कॅथलिक धर्मग्रामांत आजही तिचे सदस्य जोडीने घरी जातात. १९६७ साली अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगेल याने सेंट मेरी चर्चच्या मदतीने दुकानांतलं न विकलं गेलेलं चांगलं अन्न साठवून वाटणारी जगातली पहिली फूड बँक काढली. आणि इंग्लंडमध्ये सॉल्झबरीत २००० साली ट्रसेल ट्रस्टने एक छान युक्ती काढली: डॉक्टर, शाळा किंवा समाजसेवक चिठ्ठी देतो, आणि ती दाखवली की तीन दिवसांचं अन्न मिळतं. गरज ओळखणारा एक, देणारा दुसरा. त्यामुळे देणाऱ्यापुढे आपली कर्मकहाणी सांगावी लागत नाही.

आपल्या गावात ही चिठ्ठी देऊ शकणारी माणसं आधीच आहेत. आशाताईला कोणत्या घरी कोण आजारी आहे हे ठाऊक असतं. अंगणवाडी सेविकेला मूल वाळत चाललेलं दिसतं. सोमवारी शाळेच्या खिचडीवर तुटून पडणारं पोर शिक्षकाच्या नजरेत येतं. आणि सर्वांत आधी कळतं ते किराणा दुकानदाराला, कारण त्याच्या वहीत आकडा फुगत जातो. देवस्थानाने या चौघांशी बोलून ठेवलं आणि महिन्याचा शिधा अंधार पडल्यावर, फोटो न काढता घरी पोचवला, तर यंत्रणा उभी झाली. फोटोबद्दल मी आग्रही आहे. मदतीचं पाकीट घेताना विधवा बाईला रांगेत उभं करून काढलेले फोटो वर्तमानपत्रांत पाहिले की वाटतं, तिने ते घेतलं नसतं तर बरं, आणि मग लक्षात येतं की तिला घेणं भाग होतं.

पैशाची आणि कायद्याची अडचण नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० चा. त्याच्या नवव्या कलमात धर्मादाय हेतूंमध्ये पहिलाच हेतू दिला आहे तो गरिबी किंवा संकट यांतून दिलासा देण्याचा. विश्वस्तांनी आपली घटना उघडून पाहावी. बहुतेकांत अन्नदान असतंच. शिजवलेल्या अन्नाची जोखीमही लक्षात घ्यावी. फेब्रुवारी २०२४ मध्ये लोणार तालुक्यातल्या सोमठाण्यात एकादशीच्या भगर-आमटीच्या प्रसादाने शेकडो माणसं आजारी पडली. कोरडा शिधा त्या मानाने सुरक्षित.

खरी अडचण आहे कॅलेंडरची, आणि तिच्याकडे कोणी फारसं पाहत नाही. आपले सप्ताह, यात्रा, भंडारे बहुतेक कार्तिकापासून चैत्रापर्यंत. खळं झालेलं असतं, घरात दाणा असतो, हात सैल असतो. घरात दाणा नसतो तो आषाढ, श्रावण, भाद्रपदात. जूनमध्ये बियाणं आणि खतात पैसा गेलेला, शाळा सुरू झालेली, निंदणाची मजुरी पावसाच्या लहरीवर, आणि सोयाबीन निघायला दसरा यायचा. शासनाने आदिवासींसाठी पावसाळ्यातली ही ओढ ओळखून खावटी योजना आणली. तांड्यावरचा बंजारा महाराष्ट्रात विमुक्त जातींत मोडतो, म्हणून त्याला ती लागू नव्हती. कुणबी, बौद्ध, मुसलमान मजुरालाही नव्हती.

म्हणून एखाद्या देवस्थानाने, दर्ग्याने किंवा विहाराने सुरुवात करायची तर माघात गोळा केलेल्या शिध्यापासून करावी. शंभर पोत्यांतली दहा बाजूला काढावीत. गहू आणि तुरीची डाळ चांगली वाळवून, पत्र्याच्या कोठीत झाकण घट्ट लावून ठेवली तर पोळ्यापर्यंत टिकते. ज्वारीला कीड लवकर लागते, ती आधी वाटावी. तेल आणि साबण आषाढात घ्यावेत. कोठीची किल्ली दोघांकडे असावी, त्यातली एक बाई असावी. आणि हिशेब दरवर्षीप्रमाणे मंदिरात वाचावा: किती धान्य आलं, किती घरांत गेलं. घरांची नावं मात्र वाचू नयेत.